बाहेरून येणारी माणसे

जपानच्या तुरुंगांमध्ये बंद्यांना आपले म्हणणे लिहून टाकता यावे म्हणून एक पेटी ठेवलेली असते, आणि ती पेटी तुरुंगाचे कर्मचारी उघडत नाहीत. प्रत्येक तुरुंगाला बाहेरच्या नागरिकांचे एक मंडळ जोडून दिलेले आहे. त्यात जास्तीत जास्त दहा सदस्य असतात; कोणी वकील, कोणी डॉक्टर, कोणी त्याच परिसरातला रहिवासी. पेटी उघडणे हे त्यांचे काम. ही व्यवस्था सहज सुचलेली नाही. नागोया येथील तुरुंगात २००१ आणि २००२ साली कर्मचाऱ्यांच्या हातून दोन बंद्यांचे मृत्यू झाले, एकाचा जोरदार दाबाने मारलेल्या पाण्यामुळे आणि दुसऱ्याचा पोटावर आवळलेल्या चामडी पट्ट्यामुळे. त्या प्रकरणांनी देश हादरला, १९०८ सालापासून चालत आलेल्या तुरुंग कायद्याच्या जागी २००५ साली नवा कायदा संमत झाला, आणि २००६ पासून ही मंडळे कामाला लागली.

त्यानंतर डिसेंबर २०२२ मध्ये त्याच नागोया तुरुंगाची दुसरी बातमी आली. तिथल्या २२ कर्मचाऱ्यांनी ३ बंद्यांना महिनोन्महिने मारहाण केली होती, त्यांचा छळ केला होता. मंडळ होते, पेटीही होती, कायदाही नवा होता, आणि तरीही हे घडत राहिले. ही बातमी वाचून काही जण म्हणाले की अशा मंडळांचा काही उपयोग नसतो. मला तसे वाटले नाही, आजही वाटत नाही. मात्र पेटीवर किती विसंबून राहावे, याचा विचार मी तेव्हापासून पुन्हा पुन्हा केला आहे. पेटी वाट पाहते. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी माणसाला लिहिता यावे लागते, चार जणांच्या देखत उठून तिच्याकडे चालत जाण्याचे धाडस असावे लागते, आणि त्या कागदामुळे आपले बरे होईल, वाईट होणार नाही, एवढा विश्वास असावा लागतो. ज्याच्यावर सर्वांत जास्त अन्याय होत असतो त्याच्यापाशी या तिन्ही गोष्टी बहुधा नसतात. म्हणून कोणीतरी त्याच्यापर्यंत चालत जावे लागते, तेही वारंवार आणि अवेळी.

मी काही वर्षे एका कारागृहाच्या अभ्यागत मंडळावर अशासकीय सदस्य म्हणून काम केले. पगार नाही, गणवेश नाही, कोणाला सोडण्याचा किंवा कोणाची बदली करण्याचा अधिकार नाही. फक्त आत जायचे, पाहायचे, विचारायचे आणि अभ्यागतांच्या वहीत शेरा लिहायचा. या कामाबद्दल ऐकल्यावर लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, की अधिकारच नसतील तर तुमचे ऐकतो कोण? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना मला माझ्या अनुभवाइतकाच इतर देशांतला या संस्थेचा इतिहास उपयोगी पडला, कारण तो इतिहास बराचसा अधिकारांच्या प्रश्नाभोवतीच फिरतो.

कॅनडाचे उदाहरण घेऊ. तिथल्या संघीय तुरुंगांना आणि पॅरोल कार्यालयांना नागरिक सल्लागार समित्या जोडलेल्या असतात. त्यांच्या कामाचे तीन भाग मानले जातात: निष्पक्षपणे निरीक्षण करणे, प्रशासनाला सल्ला देणे, आणि तुरुंग व आसपासचा समाज यांच्यात दुवा ठेवणे. पहिल्या काही समित्या १९६०च्या दशकातल्या आहेत, पण त्यांची निकड साऱ्या देशाला कळली ती एप्रिल १९७१ मध्ये. किंग्स्टन येथील जुन्या तुरुंगात बंद्यांनी सहा रक्षकांना ओलीस धरले आणि चार दिवस तुरुंग ताब्यात ठेवला. त्या दिवसांत त्यांनी केलेली एक मागणी मला फार महत्त्वाची वाटते: आमच्याशी बोलायला नागरिकांची समिती पाठवा. सरकारने ती मान्य केली, आणि वकील, पत्रकार अशी मंडळी आत जाऊन बंद्यांच्या प्रतिनिधींशी बोलत बसली. शेवट रक्तरंजितच झाला. दोन बंदी सहकैद्यांच्याच मारहाणीत मेले, आणि त्या मृत्यूंवर पांघरूण घालता येणार नाही. पण सहाही रक्षक जिवंत बाहेर आले.

ज्यांच्या हाती त्या घटकेला सहा माणसांचे प्राण होते, त्यांनी मंत्री मागितला नाही आणि न्यायाधीशही मागितला नाही. त्यांना अशी माणसे हवी होती की ज्यांनी आपला शब्द जसाच्या तसा बाहेर न्यावा आणि बाहेरचा शब्द जसाच्या तसा आत आणावा. एरवी अशी माणसे तुरुंगात येत असती, तर ती ओलिसांच्या बदल्यात मागावी लागली नसती. तिथल्या राज्यकर्त्यांनाही हे उशिरा का होईना उमगले. १९७३ साली बंद्यांच्या तक्रारी पाहणारे स्वतंत्र तपास अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले, आणि १९७७ साली मार्क मॅकगिगन यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय उपसमितीने संघीय तुरुंगव्यवस्थेवरच्या आपल्या अहवालात नागरिक समित्यांची शिफारस केली. आज त्या समित्यांच्या सदस्यांकडून असे अपेक्षित असते की तुरुंगात दंगल किंवा अन्य आणीबाणी उद्भवली तर त्यांनी तिथे हजर राहून काय घडते ते पाहावे. बळाचा वापर होत असताना बाहेरचे कोणीतरी तिथे उभे आहे, एवढ्यानेही हाताला आवर बसतो.

इंग्लंडचा इतिहास याहून जुना आणि जास्त शिकवणारा आहे. जॉन हॉवर्ड हे १७७३ साली बेडफर्डशर या परगण्याचे शेरीफ झाले, म्हणजे तिथला तुरुंग त्यांच्या अखत्यारीत आला. हे पद मानाचे मानले जाई आणि तुरुंगाकडे फिरकण्याची तसदी शेरीफ सहसा घेत नसत. हॉवर्ड यांनी ती घेतली. तिथे त्यांना निर्दोष सुटलेली माणसे कोठडीत आढळली, कारण तुरुंगरक्षकाला पगार नव्हता, तो बंद्यांकडून फी घेई, आणि ती फी भरता न आल्यामुळे सुटलेल्या माणसांना पुन्हा आत ठेवले जाई. हे कोणी लपवून ठेवले नव्हते, सगळ्यांना ठाऊक होते. फक्त ज्याला त्याचे आश्चर्य वाटावे असा माणूस तोवर तिथे गेला नव्हता.

पुढे १८७७ च्या कायद्याने तुरुंग केंद्र सरकारकडे गेले आणि स्थानिक दंडाधिकाऱ्यांच्या भेट समित्या नेमल्या गेल्या. त्यांच्यातून आणि नंतरच्या कायद्यांतून अभ्यागत मंडळे आकाराला आली. या मंडळांकडे दोन कामे आली, आणि ती दोन्ही एकाच हाताने करता येतील असे जवळजवळ शंभर वर्षे कोणाला गैर वाटले नाही. एक काम बंद्यांच्या तक्रारी ऐकण्याचे होते. दुसरे होते शिस्तभंगाच्या गंभीर प्रकरणांत बंद्याला शिक्षा देण्याचे, म्हणजे त्याला शिक्षेत मिळालेली सूट काढून घेऊन त्याचा तुरुंगवास लांबवण्याचे. आज सकाळी ज्या बाईंना मी माझे दुखणे सांगितले त्याच उद्या टेबलापलीकडे बसून माझे काही महिने वाढवणार असतील, तर मी त्यांना काय सांगेन? हल येथील तुरुंगात १९७६ साली दंगल झाली, मंडळाने त्यानंतर बंद्यांना कडक शिक्षा ठोठावल्या, प्रकरण न्यायालयात गेले, आणि मंडळाच्या निर्णयांची तपासणी करण्याचा अधिकार आपल्याला आहे असे अपील न्यायालयाने सांगितले. त्याच्याही आधी, १९७५ साली, लॉर्ड जेलिको यांच्या समितीने ही दोन कामे वेगळी करा असे सुचवले होते. पण मंडळे शिक्षा देतच राहिली. एप्रिल १९९० मध्ये मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगातला उठाव २५ दिवस चालला, त्याची चौकशी करणाऱ्या लॉर्ड वुल्फ यांचा अहवाल १९९१ साली आला, आणि १९९२ साली मंडळांचा शिक्षेचा अधिकार गेला. सुचवण्यापासून होण्यापर्यंत सतरा वर्षे गेली.

अधिकार काढून घेतल्यावर या मंडळांकडे काय उरले? प्रवेश उरला, आणि तो भरभक्कम आहे. तिथल्या नियमांनुसार मंडळाचा सदस्य तुरुंगाच्या कोणत्याही भागात, कोणत्याही वेळी जाऊ शकतो. तो कोणत्याही बंद्याशी अधिकाऱ्यांच्या नजरेआड आणि त्यांना ऐकू जाणार नाही असे बोलू शकतो, आणि तुरुंगातले कागदपत्र पाहू शकतो. २००३ साली नाव बदलून ती स्वतंत्र निरीक्षण मंडळे झाली. त्यांचे वार्षिक अहवाल मंत्र्यांकडे जातात आणि लोकांना वाचायला खुले असतात. मी ते अधूनमधून वाचते. त्यांत एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात हलवताना हरवलेल्या सामानाच्या नोंदी वर्षानुवर्षे येत राहतात. वाचणाऱ्याला ही बाब किरकोळ वाटेल. पण ज्याच्या मालकीचे सारे जग एका पिशवीत मावते, त्याच्या दृष्टीने ती पिशवी हरवणे म्हणजे काय, हे त्या मंडळाच्या सदस्यांना समजलेले असते आणि म्हणून ते दरवर्षी तेच पुन्हा लिहितात.

आता माझ्या अनुभवाकडे येते. आमच्या मंडळात एक निवृत्त डॉक्टर होते. फेरीच्या दिवशी बंदी बराकीत दोन-दोनच्या रांगांत बसवलेले असत, बरोबर तुरुंगाधिकारी असत, आणि आमच्यापैकी कोणी "काही तक्रार आहे का?" असे विचारले की साऱ्या बराकीतून एकच उत्तर येई, "नाही साहेब." डॉक्टर हा प्रश्न कधीच विचारत नसत. ते एखाद्यासमोर खाली बसत, जिथे सगळे "ए" नाहीतर "तू" ऐकत तिथे त्याला "अहो" म्हणत, आणि काहीतरी अगदी साधे विचारत. एकदा एका मध्यमवयीन माणसाला त्यांनी विचारले, "रात्री झोपल्यावर तुमचे पाय कुठे येतात?"

तो क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "समोरच्याच्या डोक्यापाशी, साहेब."

"आणि कूस बदलायची असली तर?"

"बाजूच्याला सांगावं लागतं. तो वळला की मग आपण वळायचं."

बराकीत हसू पसरले, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला, आणि त्यानंतर पाण्याची वेळ, शौचालयापुढची रांग, आजारी माणसाला झोपायला मिळणारी जागा, असे सगळे कोणी तक्रार न करताच बाहेर येत गेले. डॉक्टरांनी अधीक्षकांची परवानगी काढून पुढच्या भेटीत मोजपट्टी आणली, बराकीची लांबी-रुंदी मोजली आणि वहीत लिहिले की आदर्श कारागृह नियमावलीप्रमाणे बराकीत दर माणशी ३.७१ चौरस मीटर जागा अपेक्षित आहे आणि इथे प्रत्यक्षात एवढी मिळते. "फार गर्दी आहे" असा शेरा सगळेच लिहितात आणि त्यावर "नोंद घेतली" असे उत्तर येते. मोजलेल्या जागेला तेवढे सोपे उत्तर देता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ आणि प्रत्यक्ष बंदी ५,७३,२२० असे दिलेले आहे. त्यांतले सुमारे ७६ टक्के न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे. हे आकडे मी अनेकदा वाचले होते. दुसऱ्याने कूस बदलेपर्यंत जागे राहणारा माणूस भेटल्यावर ते मला खऱ्या अर्थाने कळले.

आणखी एक वृद्ध बंदी मला आठवतात. साक्षरता वर्गाच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढे "शिकण्यास इच्छुक नाही" असा शेरा होता, आणि तो खोटा होता असेही म्हणता येणार नाही, कारण ते वर्गाला जायला खरोखरच नकार देत. त्यांच्याशी बोलता बोलता लक्षात आले की त्यांचा चष्मा आत आल्यानंतर थोड्याच दिवसांत फुटला होता. त्यांनी हे कोणाला सांगितले नव्हते, कारण नवा चष्मा मागता येतो हेच त्यांना माहीत नव्हते, आणि वर्गात दिसत नाही म्हणून हसे होईल या भीतीने ते जात नव्हते. तुरुंगातल्या कोणी त्यांच्यावर अन्याय केला नव्हता. शिक्षकाकडे वर्गातली साठ माणसे होती, वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे रोजची रांग होती, आणि या दोन नोंदवह्या शेजारी ठेवून पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते. मंडळाच्या कामाचा मोठा भाग असाच असतो. क्रौर्याच्या कहाण्या ऐकायला मिळतील अशा समजुतीने येणाऱ्या सदस्याला हे काम लवकर नकोसे होते. फुटलेला चष्मा, पोलीस पथक उपलब्ध नसल्याने चुकलेली न्यायालयाची तारीख, तसेच पथक नसल्याने पुढे ढकललेली रुग्णालयाची वेळ, घरी न पोहोचलेले पत्र. या गोष्टींत रस वाटणारा माणूस इथे टिकतो.

टिकण्याचाही एक धोका असतो, आणि माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतला तो सर्वांत मोठा आहे. आमच्या मंडळात एक तरुण मुलगी नव्याने आली. पहिल्याच फेरीत तिने विचारले, "बराकीत रात्रभर दिवे चालू असतात, मग ही माणसं झोपतात कशी?" तुरुंगाधिकारी काही बोलायच्या आधीच आमच्यातल्या एका ज्येष्ठ सदस्याने उत्तर दिले की सुरक्षेसाठी ते आवश्यक असते, सगळीकडे तसेच असते, आणि माणसांना सवय होते. उत्तर चुकीचे नव्हते. पण ते अधीक्षकांनी द्यायचे उत्तर होते, आणि तिचा प्रश्न हा आमचा, म्हणजे मंडळाचा, प्रश्न असायला हवा होता. दिवे मंद करता येतील का, रात्रपाळीच्या रक्षकाला दिसेल आणि झोपणाऱ्याच्या डोळ्यांवर येणार नाही अशा जागी ते लावता येतील का, हे विचारण्याची पाळीच आली नाही. कोणी दबाव आणला नव्हता. वर्षानुवर्षे त्याच अधिकाऱ्यांशी बोलून, त्यांच्या अडचणी समजून घेऊन, त्यांनी प्रेमाने पुढे केलेला चहा घेऊन नजर सरावते, आणि मग बाहेरून येणारा माणूस आतला होऊन जातो. हॉवर्ड यांना जे आश्चर्य वाटले ते वाटण्याची ताकद टिकवणे हे या कामातले सगळ्यात अवघड काम आहे. म्हणून सदस्यत्वाला मुदत असावी, दर काही काळाने नवे लोक यावेत, आणि नव्या सदस्याने पहिल्या तीन-चार फेऱ्यांत जे काही विचारले ते सारे वेगळे लिहून ठेवावे असे मला आग्रहाने वाटते. त्या प्रश्नांची उत्तरे मिळोत न मिळोत, जुन्या सदस्यांना आपण काय पाहायचे सोडून दिले आहे हे त्यांवरून कळते.

याचा अर्थ अधिकाऱ्यांकडे संशयाने पाहावे असा मात्र नाही. रक्षकांची पदे रिकामी राहिली की बराकी लवकर बंद होतात आणि उशिरा उघडतात. एकेका रक्षकाकडे इतकी माणसे येतात की तो धमकावल्याशिवाय काही करूच शकत नाही असे त्याला वाटू लागते. मंडळाने हेही पाहायला आणि लिहायला हवे. मला भेटलेल्या कित्येक कर्मचाऱ्यांना आपल्या वरिष्ठांपर्यंत पोहोचवायच्या गोष्टी होत्या, आणि त्या त्यांच्या तोंडून गेल्या असत्या तर कुरकुर ठरल्या असत्या. आमच्या शेऱ्यातून गेल्यावर त्यांची दखल घेतली गेली, असेही घडले आहे. चांगल्या अधीक्षकाला मंडळ हवेसे वाटते, कारण निधी मागण्यासाठी त्याला साक्षीदार मिळतो. ज्याला मंडळ नको असते त्याच्या तुरुंगात ते आणखी वारंवार जायला हवे.

आपल्या देशात ही कल्पना नवी नाही. १८९४ च्या तुरुंग कायद्यातच अभ्यागतांच्या नेमणुकीची तरतूद आहे. पण नियम कागदावर राहिले, आणि न्यायालयांना त्यांची पुन्हा पुन्हा आठवण करून द्यावी लागली. १९७९ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगातून सुनील बात्रा या बंद्याने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. ते स्वतःबद्दल नव्हते. पैसे उकळण्यासाठी एका वॉर्डरने दुसऱ्या बंद्याचा अमानुष छळ केल्याचे त्याने कळवले होते. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले, आणि निकाल देताना न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने तुरुंगांत तक्रारपेट्या ठेवाव्यात, जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश यांनी तुरुंगांना भेटी द्याव्यात, असे आदेश दिले. म्हणजे आपल्याकडची पेटी जपानच्या पेटीहून पंचवीस वर्षांहून अधिक जुनी आहे. त्यानंतर २०१५ साली कोठडीतल्या छळाविरुद्धच्या डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अशासकीय अभ्यागत नेमण्यास सांगितले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांतल्या जातीय भेदभावाविरुद्धच्या निकालात, असा भेदभाव अजून चालतो का हे पाहण्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांनी मिळून नियमित तपासणी करावी असे सांगितले. कोणत्या बंद्याला झाडू मिळतो आणि कोणाला स्वयंपाकघर, हे कोणत्याही पेटीतून बाहेर येणार नाही. ते पाहायला सकाळच्या कामाच्या वेळी आत असावे लागते. पण त्यासाठी मंडळ अस्तित्वात असायला हवे, त्यात नेमलेली माणसे मान म्हणून नव्हे तर काम म्हणून येणारी हवीत, आणि भेट आधी कळवून सजवलेली नसावी. राजकीय मर्जीतल्या माणसाची वर्णी लावण्याची जागा म्हणून या पदाकडे पाहिले गेले की पुढचे सारे आपोआप ठरते: वर्षातून एक भेट, एक छायाचित्र, आणि वहीत "व्यवस्था समाधानकारक" असा शेरा.

सदस्य कोण असावेत याबद्दल माझे एक स्पष्ट मत आहे. कामाच्या दिवशी दुपारी मोकळा असणारा, घर सांभाळायला दुसरे कोणी असणारा, सुस्थितीतला निवृत्त माणूस या मंडळांवर सहज येतो, आणि अशा माणसांनी जगभर हे काम पेलले आहे. पण बंद्यांमध्ये गरीब, अल्पशिक्षित आणि तरुण यांची संख्या मोठी असते, आणि त्यांच्या वस्तीतला, त्यांच्या वयाचा, त्यांच्यासारखे बोलणारा माणूस मंडळात क्वचितच दिसतो. प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई दिली तर हे बदलू शकेल. शिक्षा भोगून बाहेर पडलेल्या, नीट स्थिरावलेल्या माणसालाही तिथे जागा असावी. ज्याने त्या दिव्याखाली रात्री काढल्या आहेत त्याला काय विचारायचे ते शिकवावे लागणार नाही.

राहिला प्रश्न उत्तराचा. सल्लागार मंडळ सल्लाच देऊ शकते, हे मी वर मान्य केले आहे आणि त्यात मला काही उणे वाटत नाही. पण सल्ला ऐकून घेऊन गप्प राहण्याची मुभा प्रशासनाला असू नये. जपानच्या कायद्यात इथे एक चांगली गोष्ट आहे: मंडळांनी काय मते दिली आणि त्यांवर तुरुंगांनी काय केले, याचा गोषवारा न्यायमंत्र्यांना दरवर्षी प्रसिद्ध करावा लागतो. "हे करणार नाही, आणि त्याचे कारण हे" असे उत्तरही चालेल. कारण लेखी आले की पुढच्या वर्षी त्यावर बोलता येते. आपल्याकडे अभ्यागताचा शेरा आणि अधीक्षकांचे त्यावरचे म्हणणे वरिष्ठांकडे पाठवण्याची पद्धत आहे. त्याला मुदतीची आणि प्रसिद्धीची जोड मिळाली तर वहीतल्या ओळींना वजन येईल.

आणि ज्याच्याबद्दल तो शेरा असतो त्यालाही काही कळायला हवे. तक्रार वर जाते, अहवाल बाहेर जातो. बराकीत बसलेल्या माणसाला मात्र एवढेच दिसते की काही लोक आले, गोड बोलले, लिहून घेऊन गेले. पुढच्या वेळी तो काही सांगत नाही, आणि आपण त्याला समाधान समजतो. डॉक्टर याबाबतीत फार काटेकोर होते. मागच्या फेरीत ज्या कोणी काही सांगितले असेल त्याची नावे ते वहीतून पाहून येत आणि प्रत्येकाला गाठत. त्या वृद्ध बंद्यांना त्यांनी सांगितले, "चष्म्याचं झालंय, नंबर तपासायला डॉक्टर बोलावतील." ज्याचे पाय समोरच्याच्या डोक्यापाशी येत त्या माणसाला सांगितले, "जागेचं काही झालं नाही. दुसरी बराक दुरुस्तीला घ्यायचा प्रस्ताव गेलाय, तो वर अडकलाय. मी पुन्हा लिहितो." तो माणूस म्हणाला, "ठीक आहे," आणि मग शेजारच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "याचं ऐका साहेब, याची तारीख तिसऱ्यांदा चुकलीय." काम न झाल्याची बातमी आणणाऱ्याला त्याने दुसऱ्याची अडचण सोपवली होती. अशी परतीची फेरी कोणत्याही नियमात नव्हती. ती नियमात यावी आणि मंडळाच्या प्रत्येक शेऱ्याला अधीक्षक कार्यालयाकडून ठरावीक मुदतीत लेखी उत्तर मिळावे, अशी विनंती आम्ही आमच्या मुदतीच्या शेवटच्या टिपणात केली आणि त्याची एक प्रत पुढच्या मंडळासाठी वहीत लावून ठेवली.